आईचा आवाज तिकडं जात नाही

त्या उन्हाळ्यात गारखेड्यात लाईट दहाला जायची. एखादं मिनिट इकडंतिकडं, पण जायचीच. मग दोनपर्यंत नाव नाही. म्हणून वैजनाथरावांनी भिंतीवरचं घड्याळ काढून कॉम्प्युटरशेजारी आणून ठेवलं होतं. साडेआठ वाजून गेले होते आणि मोडेम अजून कुईकुई करत होता.

"एंगेज," मंदार म्हणाला. हा त्यांचा धाकटा मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता.

"परत लाव."

"लावतोच आहे, बाबा. तुम्ही मागं उभं राहिलात म्हणून लवकर लागत नाही."

वैजनाथराव तरी मागंच उभे राहिले. बसवतच नव्हतं.

अकरा वाजेपर्यंत डॉक्टरांना उत्तर द्यायचं होतं. प्रमोदिनीला कावीळ होऊन दोन महिने झाले होते. आधी औषधं झाली, पथ्य झालं, मग फोटो काढले तेव्हा स्वादुपिंडाजवळ गाठ निघाली. सर्जनने समोर बसवून सरळ सांगितलं होतं, "गाठ निघेल की नाही ते पोट उघडल्यावरच कळेल. निघाली तर उत्तम. नाही निघाली तर पित्ताची वाट तेवढी मोकळी करून देऊ. धोका दोन्हींत आहे. गुरुवारी थिएटर ठेवलंय. यायचं तर अकरापर्यंत या, नाहीतर तसं कळवा."

आज गुरुवार होता.

वैजनाथरावांच्या डोक्यात त्यातलं पहिलं वाक्य रुतून बसलं होतं. गाठ निघेल की नाही. निघणार असेल तर नेऊ, नसेल तर तिला उगाच कापायची नाही. दुसरं वाक्य त्यांनी ऐकलं होतं, पण धरलं नव्हतं.

मुलगी नीरजा अमेरिकेत होती. तिच्या नवऱ्याचा मित्र देवेश तिथं पोटाचाच सर्जन होता. मूळचा इथलाच, समर्थनगरचा. तो म्हणाला होता, नीरजाकडंच येऊन बसतो, सगळे फोटो बघू द्या, मी अंदाज सांगतो. म्हणून काल मंदार गुलमंडीजवळच्या एका फोटोवाल्याकडं सगळ्या फिल्म घेऊन गेला होता आणि चौदाच्या चौदा स्कॅन करून सीडीवर आणल्या होत्या. ईमेलनं एवढं जाईना. मग नीरजानं सांगितलं, चॅटवरून पाठव, त्यात फाईल थेट माझ्याकडं येते. पण काल संध्याकाळी दोनदा लाईन तुटली. एकदा तुटली की पुन्हा पहिल्यापासून.

"सुटे पाठवू का?" मंदारनं कालच विचारलं होतं. "एकेक फोटो. तुटलं तरी आधीचे पोचलेले राहतात."

"सुटे कागद पाठवायचे नाहीत," वैजनाथराव म्हणाले होते. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं गेली होती. त्यातली बावीस वर्षं ते कालवा निरीक्षक होते. सुटा गेलेला कागद कुठल्या टेबलावर राहील याचा भरवसा नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी वर एक पत्र टाइप करवलं, खाली चौदा फोटोंची यादी घातली, तारखेप्रमाणे नंबर टाकले आणि सगळ्याची एकच झिप फाईल करायला लावली. बारा एमबी.

आठ पन्नासला लाईन लागली. पडद्यावर नीरजाचं नाव हिरवं झालं.

"आली!" मंदार म्हणाला. "पाठवतो."

फाईलची छोटी खिडकी उघडली. निळी पट्टी टोकाला जरा भरली आणि थांबल्यासारखी वाटली, मग आणखी जरा भरली.

"किती वेळ?"

"सगळी वाट हिला दिली तर सत्तावन्न मिनिटं. नऊ सत्तेचाळीस."

"तेरा मिनिटं हातात राहतात."

"राहतात. तेवढ्यात आई बोलेल."

वैजनाथरावांनी ठरवलेलं तेच होतं. आधी फाईल, मग बोलणं. दवाखान्यात जायच्या आधी प्रमोदिनीला नीरजाशी बोलायचं होतं. घरात फोनची लाईन एकच, ती मोडेमनं धरलेली. कॉलनी नवी होती, आजूबाजूला नुसते खांब उभे केलेले प्लॉट आणि बोअरचे पाइप. फोन असलेलं दुसरं घर पार रस्त्यापलीकडं. नीरजा म्हणाली होती, याच चॅटमधून बोलताही येतं, माइक लावा. मंदारनं मित्राचा माइक आणून ठेवला होता.

नऊला दारात जीप वाजली. रामकिसन आला. हा चितेगावचा. पूर्वी कालव्यावर वैजनाथरावांच्या हाताखाली चौकीदार होता, आता टँकर चालवायचा. आज मेव्हण्याची जीप मागून आणली होती.

"साहेब, गादी टाकलीय मागं. उशाला दोन तक्के बी हायेत," त्यानं दारातूनच सांगितलं. "वहिनीसाहेब कशा हायेत?"

"आहे मी अजून, रामकिसन," आतून प्रमोदिनीचा आवाज आला. "टँकर कुठं सोडलास? आमच्या टाकीत टिपूस नाही चार दिवस."

"आज रुग्णसेवा हाय, वहिनी. उद्या पाणीसेवा."

ती भिंतीला धरून बाहेर आली. वैजनाथराव पुढं झाले, तर तिनं हातानंच नको म्हटलं. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. दंडावर, मानेवर, पोटऱ्यांवर लाल ओरखडे होते. तिची नखं वैजनाथराव स्वतः दर दोन दिवसांनी कापायचे, अगदी मुळापर्यंत, तरी ओरखडे यायचेच.

"अगं, वेळ आहे अजून," ते म्हणाले. "सत्तेचाळीसला होतंय. तोवर पड."

"तोवर मला बसवणार नाही. आठला गोळी घेतलीय. साडेनऊ-पावणेदहाला डोळे मिटायला लागतात, रोज बघता ना तुम्ही." ती खुर्चीत बसली. "लाव रे मंदार. हॅलो म्हणू का?"

मंदारनं बापाकडं बघितलं. वैजनाथरावांनी घड्याळाकडं बघितलं. त्यानं माइक तिच्या हातात दिला आणि एक बटण दाबलं.

स्पीकरमधून नीरजाचा आवाज आला. जरा घोगरा, पण स्वच्छ. "आई! आई, ऐकू येतंय का?"

"येतंय गं," प्रमोदिनी म्हणाली. तिचा चेहराच बदलला. "किती वाजले तिकडं? जेवलीस का?"

"आई? बोल ना."

"बोलतेय की."

"मंदार, आई आहे का तिथं? काहीच येत नाहीये. नुसती खरखर येतेय."

मंदारनं माइकची वायर काढून पुन्हा घातली. "बोल आई."

"नीरू, मी आईच बोलतेय. इथंच बसलेय."

"आई?"

असं चारपाच वेळा झालं. प्रमोदिनी माइक तोंडाला लावून मोठ्यानं बोलायला गेली, तिला खोकला आला. तिकडं नीरजाचा आवाज चढत चालला. "बाबा, आई ठीक आहे ना? तुम्ही मला खरं सांगत नाही आहात का? मंदार, टाइप तरी कर!"

मंदारनं टाइप केलं. आई समोर बसलीय, ठीक आहे. ओळ पडद्यावर गेली, पण तिकडून उत्तर येईना.

"काय भानगड आहे ही?" वैजनाथराव म्हणाले.

"फाईलनं जाणारी वाट भरून टाकलीय, बाबा. येणारी मोकळी आहे. म्हणून ताई आपल्याला ऐकू येते, आईचा आवाज तिकडं जात नाही. टाइप केलेलं पण फाईलच्या मागं रांगेत उभं आहे."

"मग?"

"फाईल हळू करता येते. ही पट्टी बघा." फाईलच्या खिडकीत खाली एक आडवी रेघ होती, तिच्यावर एक बारकं बटण अगदी उजव्या टोकाला होतं. "हे अलीकडं घेतलं की ती कमी जागा घेते. आईचा आवाज बसतो मग."

"आणि फाईल कधी पोचते?"

मंदारनं पट्टीकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "अशी हळू ठेवली तर लाईट जायच्या आत नाही पोचत."

"मग हात लावायचा नाही."

"बाबा, ताई रडतेय."

"रडू दे जरा वेळ. फोटो नाही पोचले तर देवेश काय सांगणार? आणि तो नाही सांगणार तर मी अकराला त्या डॉक्टरला काय सांगू?" त्यांचा आवाज नको तेवढा चढला. दारात रामकिसननं चपलांकडं मान घातली.

स्पीकरमधून नीरजा रडतच होती. "आई, नुसतं हं म्हण. एकदा हं म्हण."

"हं," प्रमोदिनी म्हणाली.

"बाबा, आई गेली का?"

प्रमोदिनीनं माइक हळूच टेबलावर ठेवला. दंड खाजवायला हात गेला, तो तिनं मध्येच आवरून मांडीखाली दाबला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "मंदार, मला आत ने रे."

ती रागावून म्हणाली असती तर वैजनाथराव तिथंच उभे राहिले असते. ती रागावली नव्हती. गारखेड्याचा प्लॉट घेताना तिला विचारायचं राहिलं तेव्हाही ती असंच जाऊ दे म्हणाली होती, आणि त्याआधीही कितीदा तरी. ते दर वेळी मनात म्हणत, बरं झालं, मिटलं. आज तिला उठताना पाहिलं आणि त्यांना तसं म्हणता येईना.

"थांब," ते म्हणाले. "बस खाली." मग मंदारला म्हणाले, "ऊठ. मला दाखव ते बटण."

"मी करतो ना."

"मला दाखव."

मंदार उठला. वैजनाथराव त्याच्या खुर्चीच्या कडेला टेकले. माउसवर त्यांचा हात कधीच नीट बसत नसे. त्यांनी ते बटण पकडलं आणि अलीकडं ओढलं. पार डावीकडं नेलं तर फाईल बंद पडेल, मंदार म्हणाला. त्यांनी मान हलवली. कालव्याचं दार किती खाली घ्यायचं हे सांगावं लागायचं नाही त्यांना. कालव्याला पाणी अंगठ्याएवढं असलं तरी पुढच्या गावाला ओल पोचवायची असते. वरचं दार पुरतं उघडं ठेवून ते कधी होत नाही. ते बटण जरा अलीकडं घेत, कान देऊन ऐकत, पुन्हा अलीकडं घेत गेले.

"बोल आता," ते म्हणाले.

"नीरू?" प्रमोदिनी म्हणाली.

एक क्षण तिकडं काहीच नव्हतं. मग नीरजा किंचाळली. "आई! आई आली! देवेश, आई आली!"

घड्याळात नऊ दहा झाले होते. पट्टीवर पस्तीस टक्के.

मंदारनं एका पाकिटाच्या पाठीवर भराभर हिशेब मांडला आणि बापापुढं धरला. खाली एक आकडा गोल केला होता. नऊ अठ्ठावीस. "तोपर्यंत बटण पूर्ण उघडलं तर दहाच्या आत पोचते," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यानंतर नाही. सुटे पाठवले असते तर आत्तापर्यंत चार-पाच फोटो तिथं असते."

"कळलं."

"मी आपलं सांगतोय."

"कळलं म्हटलं ना."

अठरा मिनिटं. वैजनाथरावांनी ती मनात तिच्या नावावर टाकली. बोलू दे. पण त्या दोघी बोलत काय होत्या? नीरजानं घातलेल्या लोणच्याला बुरशी आली होती. प्रमोदिनी तिला मीठ किती घातलंस म्हणून विचारत होती. मग जुन्या शेजारीण द्वारकाबाईंच्या नातीचं लग्न. मग नीरजाच्या ऑफिसातली कुणी बाई. दोघी हसत होत्या. नऊ सतरा झाले. नऊ वीस. वैजनाथरावांना वाटलं, ओरडावं, मिठाचं काय घेऊन बसलात? पण ते ओरडले नाहीत. माउसवरचा हात घामानं ओला झाला होता.

"लई बोलल्या आज वहिनी," रामकिसन दारातून पुटपुटला. "बरं वाटतंय."

नऊ चोवीस. नऊ सव्वीस.

"आई," नीरजा म्हणाली. आवाज बदलला होता. "एक विचारू? बाबांचं नको सांगू. डॉक्टरांचं नको. तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

प्रमोदिनी थांबली. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. ती माइककडं बघत राहिली.

नऊ सत्तावीस. मंदारनं बापाच्या खांद्याला बोट लावलं आणि घड्याळाकडं खूण केली. आता उघडलं तर फाईल पोचणार होती. आता उघडलं तर प्रमोदिनी जे काही बोलणार होती, ते इथंच या खोलीत राहणार होतं, आणि हे कुणालाच न सांगता ती पुन्हा जाऊ दे म्हणणार होती.

काटा अठ्ठावीसवर गेला. मंदारचा हात माउसकडं आला. वैजनाथरावांनी आपला हात तिथून हलवला नाही.

"बाबा," मंदार म्हणाला.

त्यांनी मान हलवली. नाही.

"खाज," प्रमोदिनी म्हणाली.

"काय?"

"खाज गं. रात्रभर. कातडं सोलून काढावंसं वाटतं. दुखतं ते सोसता येतं, गोळी घेतली की थांबतं. हे थांबत नाही. मागच्या आठवड्यात मी किसणी घेतली होती पाठीला." तिनं श्वास घेतला. "गाठ राहू दे नाहीतर जाऊ दे. मरायचं ते मरेनच की केव्हातरी. पण ही खाज घेऊन नाही मरायचं मला. ते डॉक्टर म्हणाले होते, पित्ताची वाट करून देतो. ते करून घ्यायचंय मला. त्याचं कुणी बोलतच नाही."

वैजनाथरावांना किसणी आठवली. ती धुऊन ओट्यावर पालथी घातलेली त्यांनी पाहिली होती. खोबरं किसलं असेल, असं वाटलं होतं त्यांना.

तिकडं काहीतरी कुजबुज झाली. मग एका पुरुषाचा आवाज आला. "काकू, मी देवेश. काका आहेत का?"

"आहे," वैजनाथराव माइकवर वाकले. "बोल बाबा. फोटो अजून—"

"फोटो राहू द्या, काका. गाठ निघेल का, ते मी फोटोंशिवाय सांगू शकत नाही. खरं तर फोटो बघूनही ठामपणे सांगता आलं नसतं. पण काकू म्हणताहेत त्याला मला फोटो लागत नाहीत. पित्ताला वाट मिळाली की खाज जाते. आठ-दहा दिवसांत जाते. धोका आहे, तो तुमच्या डॉक्टरांनी सांगितलाच असेल. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच सुचवलं असतं."

"आणि गाठ?"

"ती त्यांना आत दिसेल तेव्हा ते बघतील. निघत नसली तर ओढू नका म्हणावं."

वैजनाथरावांनी प्रमोदिनीच्या दंडावरचे ओरखडे पाहिले. मग म्हणाले, "बरं."

प्रमोदिनी आणखी दहा मिनिटं बोलली. शेवटी शब्द लांबायला लागले. नीरजा म्हणाली, "झोप आई, मी उद्या दवाखान्यात फोन करते." नऊ चाळीसला तिनं माइक ठेवला आणि खुर्चीतच मान मागं टाकली.

मंदारनं बटण पूर्ण उजवीकडं नेलं. आता काही उपयोग नव्हता, तरी तो पट्टीकडं बघत बसला, आणि वैजनाथरावांनी त्याला तसं बसू दिलं. ते आत जाऊन तिची पिशवी भरायला लागले. दोन लुगडी, टॉवेल, पाण्याची बाटली. ओट्यावरची किसणी त्यांनी उचलली, कुठं ठेवावी ते कळेना, मग वरच्या फळीवर डब्यांच्या मागं सारली.

दहाला पंखा मंदावत मंदावत थांबला. पडदा काळा झाला.

"पंच्याऐंशी टक्के," मंदार म्हणाला. "पंच्याऐंशीला गेली, बाबा."

"मोडेमची वायर काढ. फोन दे इकडं."

मंदारनं वायर काढून फोनला लावली. वैजनाथरावांनी रिसीव्हर कानाला लावला. त्यांनी दवाखान्याचा नंबर फिरवला आणि डॉक्टरांना द्या म्हणाले. चार-पाच मिनिटं वाट बघावी लागली. तेवढ्यात रामकिसननं आणि मंदारनं प्रमोदिनीला खुर्चीसकट उचलून जीपपर्यंत नेलं.

"डॉक्टर, पाथ्रीकर बोलतोय. आम्ही निघतोय," वैजनाथराव म्हणाले. "एक सांगायचं होतं. गाठीचं तुम्हाला आत दिसेल तसं करा. निघत नसेल तर तिच्या मागं लागू नका. पण पित्ताची वाट करून द्या. तिला खाज सोसवत नाही. तेवढ्यासाठीच ती येतेय."

"मागच्या वेळी तुम्ही हे काही बोलला नव्हतात," डॉक्टर म्हणाले.

"मला माहीत नव्हतं," वैजनाथराव म्हणाले.

जीप कच्च्या रस्त्यानं निघाली. रामकिसन खड्डे चुकवत होता, तरी गाडी आपटत होतीच. वैजनाथराव मागं गादीवर बसले होते, तिचं डोकं मांडीवर घेऊन. ऊन आत येत होतं, म्हणून त्यांनी टॉवेल खिडकीला धरला होता. गाठ निघाली नाही, आणि प्रमोदिनी त्यानंतर पाच महिने होती. पण हे पुढचं. त्या वेळी त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तिचा हात पुन्हा दंडाकडं गेला तसा त्यांनी तो धरला आणि आपल्या तळव्यानं तिथं चोळायला सुरुवात केली. नखं न लावता, सारखं, एका लयीत.

"मला का नाही सांगितलंस?" ते म्हणाले.

तिनं डोळे उघडले नाहीत. "तुम्ही रोज विचारायचात, पोटात दुखतंय का. मी सांगायची, थोडं दुखतंय."

"आणखी काय सांगायचं राहिलंय?"

ती झोपली असं त्यांना वाटलं. बायपासला गाडी वळली तेव्हा ती म्हणाली, "बरंच आहे."

"सांग."

"सगळं आत्ताच?"

"हो," वैजनाथराव म्हणाले, आणि त्यांनी कान तिच्या तोंडाजवळ नेला, कारण जीपच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं.